गोळीचे वजन नव्हे, लांबी विचारा

जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात ‘उग्रम’ रायफलीचे अनावरण झाले. पाषाणच्या शस्त्रास्त्र संशोधन आणि विकास आस्थापनेने, म्हणजे एआरडीईने, हैदराबादच्या एका खासगी कंपनीला बरोबर घेऊन ती घडवली. बातम्यांनी कॅलिबर ७.६२ मिमी, वजन चार किलोंहून कमी आणि पल्ला ५०० मीटर हे आकडे दिले. त्याच वर्षी १ ऑगस्टला राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफलीच्या तीन स्थितींच्या स्पर्धेत ४५१.४ गुणांसह कांस्यपदक जिंकले. तेव्हाही कॅलिबर छापून आले : .२२. या दोन्ही प्रसंगी माझ्या वाचनात आलेल्या बातम्यांत आणि स्पष्टीकरणपर लेखांत नळीच्या पिळाचा उल्लेख मात्र कोठेही नव्हता. जेथे तो क्वचित येतो, तेथे एक ठरीव वाक्य असते : ‘गोळी जितकी जड, तितका पीळ अधिक हवा.’

हे वाक्य चुकीचे आहे. सोपे करण्याच्या नादात झालेली ही किरकोळ तडजोड नाही. त्यात कारण आणि सहचर यांची अदलाबदल झालेली आहे. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला अशी वाक्ये पाठ करायला देणे हा आपल्या विज्ञानवार्तांचा जुना रोग आहे, आणि त्याविरुद्ध बोलण्यासाठी याहून स्वच्छ उदाहरण मला सापडत नाही.

आधी पीळ म्हणजे काय ते पाहू. रायफलीच्या नळीच्या आतल्या भिंतीवर मळसूत्री खाचा असतात. गोळी पुढे सरकताना त्या खाचांत रुतते आणि स्वतःभोवती फिरू लागते. एक पूर्ण फेरा घ्यायला नळीची जितकी लांबी लागते, तो तिचा पीळ. ‘१६ इंचांत एक फेरा’ हा मंद पीळ आणि ‘७ इंचांत एक फेरा’ हा तीव्र पीळ. दुसऱ्या प्रकारच्या नळीतून सेकंदाला ९४० मीटर वेगाने निघालेली गोळी सेकंदाला सुमारे ५,३०० फेरे घेत असते. मिनिटाचा हिशेब केला तर तीन लाखांहून अधिक.

आता चार गोळ्या शेजारी शेजारी ठेवू. चौघींचा व्यास जवळपास एकच आहे, साधारण ५.७ मिमी. पहिली ऑलिम्पिकची .२२, वजन ४० ग्रेन. दुसरी अमेरिकेच्या मूळ एम-१६ रायफलीची, ५५ ग्रेन. तिसरी १९८० मध्ये नाटोने प्रमाण मानलेली एसएस-१०९ जातीची, ६२ ग्रेन. चौथी त्याच कुळातील प्रकाशरेषा सोडणारी गोळी, जिला ट्रेसर म्हणतात. वजन सुमारे ६४ ग्रेन. (एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम.) या चौघींना लागणारा पीळ अनुक्रमे १६, १२, ९ आणि ७ इंचांच्या आसपास आहे.

वजनाचा नियम खरा मानणाऱ्याने या आकड्यांचा आलेख काढून पाहावा. ४० वरून ५५ वर जाताना वजन १५ ग्रेनने वाढले आणि पीळ १६ वरून १२ झाला. येथवर नियम तग धरतो. पण ६२ वरून ६४ वर जाताना वजन अवघे दोन ग्रेन वाढले, आणि पीळ ९ वरून एकदम ७ वर आला. दोन ग्रेन म्हणजे गव्हाच्या दोन दाण्यांइतका भार. एवढ्याने हा फरक पडतो यावर कोण विश्वास ठेवील?

आता वजनाचा रकाना खोडून तेथे लांबी लिहा. .२२ ची गोळी साधारण पावणेबारा मिलिमीटर, दुसरी १९, तिसरी २३ आणि ट्रेसर सुमारे २९ मिमी. कोडे सुटले! ट्रेसरच्या मागच्या भागात जळणारे मिश्रण भरलेले असते. ते शिशाहून पुष्कळ हलके असल्यामुळे गोळी जड न होता लांब होते. नाटोच्या रायफलींचा ७ इंचांचा पीळ ठरला तो मुख्यतः या लांब ट्रेसरसाठी. साध्या ६२ ग्रेनच्या गोळीला तो आवश्यक नव्हता.

हा शोध आजचा नाही. वूलिच येथे तोफखान्याच्या अधिकाऱ्यांना गणित शिकवणाऱ्या आल्फ्रेड जॉर्ज ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये दिलेला नियम एका ओळीचा आहे : गोळीची लांबी तिच्या व्यासाच्या जितकी पट, त्या संख्येने १५० ला भागा, उत्तर येईल तितक्या व्यासांत एक फेरा हवा. वेग फार असेल तर १५० ऐवजी १८० घेतात. .२२ ची गोळी व्यासाच्या सुमारे २.०५ पट लांब आहे. १५० ला २.०५ ने भागले की ७३ व्यास येतात, म्हणजे साडेसोळा इंचांच्या आत-बाहेर. एम-१६ ची गोळी ३.३५ पट लांब. १८० ला भागा, ५४ व्यास येतात, म्हणजे १२ इंच. कागद-पेन्सिल घेऊन दहावीचा विद्यार्थीही हे करू शकेल. या नियमात घनता साधारण शिशाच्या गोळीची गृहीत धरली आहे. वजनाचा रकाना मात्र त्यात कोठेच नाही.

इतिहासाने तर हा प्रयोग आपल्यासाठी करूनच ठेवला आहे. ज्या एनफील्ड बंदुकीच्या काडतुसांवरील चरबी १८५७ च्या उठावाचे निमित्त ठरली, तिचे कॅलिबर .५७७, गोळी ५३० ग्रेनची आणि पीळ ७८ इंचांत एक फेरा. त्याच १८५७ साली इंग्लंडमधील हाइथ येथे जोसेफ व्हिटवर्थ यांची रायफल तिच्यासमोर चाचणीला उभी राहिली. व्हिटवर्थ यांची गोळीही ५३० ग्रेनचीच होती, पण कॅलिबर.४५१, त्यामुळे गोळी सडपातळ आणि लांब, व्यासाच्या सुमारे तिप्पट. पीळ मात्र २० इंचांत एक फेरा. वजन तंतोतंत तेच असताना पीळ जवळजवळ चौपट तीव्र! लांब पल्ल्यावर व्हिटवर्थने एनफील्डला मागे टाकले. ‘जड गोळीला अधिक पीळ’ म्हणणाऱ्यांना या चाचणीचे उत्तर द्यायला १६० हून अधिक वर्षे मिळाली आहेत.

यामागचे भौतिकशास्त्र गुंतागुंतीचे असले तरी दुर्बोध नाही. टोकदार गोळीवर हवेचा एकत्रित दाब ज्या बिंदूवर पडतो, तो तिच्या गुरुत्वमध्याच्या पुढे असतो. त्यामुळे नाक किंचित जरी वर झाले, तरी हवा ते आणखी वर लोटते आणि गोळी उताणी पाडू पाहते. गोळी जितकी लांब, तितकी हवेला ही तरफ अधिक सोयीची. शिवाय लांब, सडपातळ वस्तू स्वतःच्या अक्षाभोवती फिरून जेवढे स्थैर्य मिळवते, त्याच्या तुलनेत ती आडवी कलंडणे सोपे होत जाते. फिरणाऱ्या भोवऱ्याला गुरुत्वाकर्षण पाडू पाहते, पण भोवरा पडण्याऐवजी झुलत राहतो. त्या झुलण्याला आपण परांचन म्हणतो. गोळीचेही तसेच आहे. पीळ अपुरा असेल तर फिरकी मंद पडते, भोवरा लवंडतो आणि गोळी आडवी जाऊन आदळते. लक्ष्याच्या कागदावर गोल भोकाऐवजी तिच्या कुशीच्या आकाराची फट दिसते.

डोनाल्ड मिलर यांनी २००५ मध्ये ग्रीनहिलचा नियम सुधारून स्थैर्याचे सूत्र दिले. त्यात वजन आहे. पण ते अंशस्थानी आहे, छेदात नाही! म्हणजे लांबी, आकार आणि पीळ तेच ठेवून गोळी अधिक जड धातूची केली, तर ती अधिक स्थिर होते. रूढ वाक्य सांगते त्याच्या नेमके उलट. छेदात बसली आहे ती लांबी, आणि तीही जवळजवळ घनाच्या रूपाने. नेहमीच्या व्यवहारात जड गोळी अस्थिर वाटते, याचे कारण एवढेच की एकाच व्यासाची आणि एकाच धातूची गोळी जड करायची तर ती लांबच करावी लागते. गुन्हा लांबीचा असतो आणि शिक्षा वजनाला होते.

यावर एक प्रामाणिक आक्षेप आहे, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. काडतुसांच्या खोक्यावर वजन छापलेले असते, लांबी नसते. नेमबाज आणि शिकारी पिढ्यान्‌पिढ्या वजनावरून पीळ निवडत आले आणि त्यांचे फारसे अडले नाही. मग व्यवहारात चालणारा नियम मोडून काय साधणार?

याचे उत्तर असे की, जोवर सगळ्या गोळ्या एकाच धातूच्या आणि साधारण एकाच आकाराच्या होत्या, तोवरच तो नियम चालला. आता तसे राहिलेले नाही. शिशाच्या कणांनी विषबाधा होऊन मरणाऱ्या कॉन्डॉर गिधाडांमुळे कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी घातली. पर्याय आहे तांब्याचा. शिशाची घनता ११.३, तांब्याची ९. त्याच व्यासाची आणि त्याच वजनाची तांब्याची गोळी सव्वापटीहून किंचित अधिक लांब होते. मिलरच्या सूत्रात ही लांबी घातली तर स्थैर्य जवळजवळ निम्म्यावर येते. वजन तेच, कॅलिबर तेच, नळी तीच, स्थैर्य निम्मे. खोक्यावरचा आकडा वाचून निवड करणाऱ्याची गोळी आडवी जाणार, आणि जनावर मरण्याऐवजी जखमी होऊन रानात तडफडत राहणार. एका चुकीच्या कारणाची किंमत येथे एक मुका जीव मोजतो.

शिकारीचा विषय निघालाच आहे तर म्हैसूरविषयी बोलणे भाग आहे. मी ज्या शहरात काम करतो, त्याच शहरात व्हॅन इंगेन यांच्या कार्यशाळेत विसाव्या शतकातील बहुतांश काळ देशभरातून आलेले वाघ-बिबटे पेंढा भरून उभे केले जात होते. तो काळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संपवला, आणि ते उत्तमच झाले. पण त्या काळाची बोलभाषा संपली नाही. ‘मोठे जनावर, जड गोळी’ हे समीकरण शिकारकथांतून आपल्यापर्यंत आले आणि आता ते संरक्षणविषयक बातम्यांत नांदते आहे. त्या कथांच्या नायकांची हत्यारे पाहिली, तरी हे समीकरण डळमळते. १९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यावर जिम कॉर्बेट यांना भेट मिळालेली रिग्बी रायफल होती .२७५ ची, म्हणजे ७ मिमीची. तेव्हाच्या मापाने लहानच. ज्या मूळ माउझर काडतुसावर ती बेतलेली होती, त्यासाठी २२० मिमीचा पीळ ठरला तो १७३ ग्रेनच्या लांब, बोथट गोळीसाठी. पुढे आलेल्या १४० ग्रेनच्या टोकदार गोळ्यांनाही तो चालला. तीव्र पीळ आखूड गोळीला सांभाळून घेतो. मंद पीळ लांब गोळीला सांभाळत नाही. हा असमान व्यवहार समजला, की पुष्कळसे गैरसमज आपोआप गळून पडतात.

म्हैसूरचा दुसरा अभिमानविषय म्हणजे हैदर आणि टिपू यांचे अग्निबाण. १७८० च्या पोल्लिलूरच्या लढाईत त्यांनी इंग्रजांची दाणादाण उडवण्यास हातभार लावला, १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर ते इंग्लंडला गेले आणि विल्यम काँग्रीव्ह यांनी त्यांच्यावरून आपले रॉकेट बनवले. २०१८ मध्ये शिवमोगा जिल्ह्यातील नगर येथे एका कोरड्या विहिरीत असे एक हजारांहून अधिक बाण सापडले. यावर दरवर्षी समाजमाध्यमांत दोन फळ्या उभ्या राहतात. एक म्हणते, आम्हीच जगाला रॉकेट दिले. दुसरी म्हणते, ही अतिशयोक्ती आहे. पण त्या लोखंडी नळीला लांब बांबू का बांधलेला होता, हे दोन्हीकडचे सहसा विचारत नाहीत. उत्तर आपल्या विषयाचेच आहे. बांबूच्या शेपटीमुळे दाबाचा बिंदू गुरुत्वमध्याच्या मागे जातो आणि हवाच नाक सरळ ठेवते. पिसे लावलेल्या बाणाची हीच युक्ती. मराठी कागदपत्रांत या अस्त्राला ‘बाण’ म्हटलेले आढळते. ते नाव भौतिकशास्त्राच्या दृष्टीनेही अचूक आहे. लांब वस्तू हवेत सरळ ठेवण्याचे दोन मार्ग : शेपूट किंवा फिरकी. १८४४ मध्ये विल्यम हेल यांनी रॉकेटची काठी काढून त्याला फिरकी दिली, म्हणजे म्हैसूरच्या बाणाकडून रायफलीच्या गोळीकडे वळण घेतले. विज्ञानाचा इतिहास सांगायचा तर हा सांगा. नुसता अभिमान किंवा नुसता उपहास यातून विद्यार्थ्याच्या हाती काहीच लागत नाही.

काहीजण म्हणतील, हा बारकावा प्रयोगशाळेत ठीक आहे, रणांगणावर कोण मोजतो? मोजावे लागते. अमेरिकेच्या एम-१६ चा पीळ आरंभी १४ इंच होता. ध्रुवीय प्रदेशातील कडाक्याच्या थंडीसाठी विचार झाला तेव्हा तो अपुरा ठरला. उणे ५४ अंश सेल्सिअसला समुद्रसपाटीची हवा १५ अंशांच्या तुलनेत सुमारे ३० टक्के अधिक दाट असते, आणि हवा दाट तितके स्थैर्य कमी. १९६३ मध्ये पीळ १४ वरून १२ वर आणला गेला. स्थैर्य पिळाच्या वर्गावर अवलंबून असते, म्हणून या बदलाने ते सुमारे ३६ टक्क्यांनी वाढले. थंडीने जे हिरावले, ते जेमतेम भरून निघाले. आता हाच विचार सियाचिनला लावून पाहा. तेथेही हाडे गोठवणारी थंडी आहे, पण साडेपाच हजार मीटरच्या आसपास हवेचा दाब निम्म्यावर येतो. उणे ३० अंश धरले तरी घनता समुद्रसपाटीच्या सुमारे साठ टक्के भरते. म्हणून तीच गोळी तेथे अधिक स्थिर असते. ‘थंडीत गोळी बिघडते’ असे सरसकट वाक्य लिहिणारा लेखक येथे तोंडघशी पडेल. कारण ठाऊक असलेला विद्यार्थी पडणार नाही.

आपल्या देशात या प्रश्नाला सार्वजनिक बाजूही आहे. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुधनिर्माणी मंडळ विसर्जित होऊन त्याच्या सात कंपन्या झाल्या. खडकी आणि वरणगावचे काडतुसांचे कारखाने एका कंपनीत गेले. ईशापूर आणि तिरुचिरापल्लीचे रायफलींचे कारखाने दुसरीत. याचा अर्थ कोठे गफलत झाली असा नाही, आणि तसे मी सुचवतही नाही. पण गोळी एका घरची आणि नळी दुसऱ्या घरची असताना दोघींचे जुळते का, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा होतो. आणि त्या जुळणीचा आकडा आहे पीळ. करदात्यांच्या पैशांतून घेतलेल्या हत्याराची बातमी देताना नेमका हाच आकडा गाळणे म्हणजे लग्नाच्या बातमीत वधूवरांची वजने तेवढी छापण्यासारखे आहे.

‘फिरकीमुळे गोळी सरळ जाते’ हे दुसरे लाडके वाक्यही तपासून घ्यावे. फिरकीमुळे गोळी नाक पुढे ठेवून जाते, एवढेच खरे. उजव्या पिळाची गोळी लांब पल्ल्यावर उजवीकडे थोडी सरकते, तीही फिरकीमुळेच. आणि उड्डाणात गोळीचा पुढे जाण्याचा वेग झपाट्याने घटतो, फिरकी मात्र हळू घटते; म्हणून नळीतून स्थिर निघालेली गोळी पुढे जाताना बहुधा अधिकच स्थिर होत जाते. शाळेत शिकवलेल्या अर्ध्या वाक्यातून यातले एकही निष्पन्न होत नाही.

हत्यारांचे भौतिकशास्त्र शिकवूच नये, असे मानणाऱ्यांचा मला आदर आहे. पण हत्यारांच्या बातम्या तर रोज येतच आहेत, अभिमानाच्या सुरात येत आहेत. प्रश्न एवढाच की त्या नागरिकाला विचार करायला लावतील की टाळ्या वाजवायला. कॅलिबर आणि वजन हे एकेकट्या वस्तूचे गुण आहेत, म्हणून छापायला सोपे. पीळ हा दोन वस्तूंमधला संबंध आहे, आणि संबंध समजावून सांगायला चार ओळी अधिक लागतात. विज्ञानाचे बहुतेक काम त्या चार ओळींतच असते.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याकडे एक मागणे आहे. पुढच्या वेळी नव्या रायफलीची बातमी आली, की तिच्याखाली तीन प्रश्न लिहा : गोळीची लांबी किती? ती कोणत्या धातूची? नळीचा पीळ किती इंचांत एक फेरा? उत्तर मिळाले तर १५० किंवा १८० ला भागून स्वतः पडताळा घ्या. उत्तर मिळाले नाही, तर पुन्हा विचारा. तुमच्या मार्गदर्शक पुस्तकात ‘जड गोळीला अधिक पीळ’ असे छापलेले असेल, तर ‘जड’ खोडून ‘लांब’ लिहा आणि वर्गात शिक्षकांना ट्रेसरचे उदाहरण सांगा : ६२ ग्रेन, ६४ ग्रेन, ९ इंच, ७ इंच. त्यावर शिक्षक काय म्हणाले, ते येथे प्रतिसादात अवश्य कळवा.